आत्याचं मागणं

पांडुरंगा,

आज एकादशी नाही, वारीचे दिवस नाहीत, तरी तुझ्यापुढे बसले आहे. काम नावाचं आहे, आणि त्या बाबतीत तुझ्याइतका अनुभवी दुसरा कुणी मला ठाऊक नाही. शरपंजरी पडलेल्या भीष्मांनी तुझी हजार नावं सांगितली. आमच्या आज्या-पणज्यांनी जात्यावर बसून त्यात भर घातली. विठू म्हणाल्या, विठाई म्हणाल्या, रागावल्या की काळ्या म्हणाल्या. तू सगळ्यांना ओ दिलीस. माणसाचं तसं नसतं. माणसाला एकच नाव मिळतं, आणि तेही जन्मदाखल्यावर, पासपोर्टवर, व्हिसावर अक्षर न् अक्षर सारखं असावं लागतं.

तुला सगळं माहीत आहे, तरी सांगते. सांगितल्याशिवाय मला मागता येत नाही. माझा धाकटा भाऊ मिनिॲपोलिसला असतो. भावजय तिथलीच, मिनेसोटाची. मूल दत्तक घ्यायचं त्यांनी ठरवलं, तिथल्या संस्थेनं घराची पाहणी केली, 'कारा'कडे, म्हणजे इथल्या सरकारी दत्तक यंत्रणेकडे, नोंद झाली आणि मग वाट बघणं सुरू झालं. आता आपल्याच महाराष्ट्रातल्या एका संस्थेतली मुलगी त्यांच्या पदरात पडते आहे. पावणेतीन वर्षांची आहे. उजव्या कानानं तिला कमी ऐकू येतं. तेवढ्यासाठी इथल्या आईबापांनी तिची फाइल पाहून बाजूला ठेवली, म्हणून ती परदेशी जाणाऱ्यांत आली. या गोष्टीवरून मला तुझ्याशी भांडायचं आहे, पण ते आज नको.

ना-हरकत प्रमाणपत्र आलं आहे. आता अर्ज जिल्हाधिकाऱ्यांपुढे जाईल. पूर्वी हे कोर्टात चालायचं; सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. त्या आदेशात मुलीचं जे नाव पडेल तेच जन्मदाखल्यावर उतरेल, तिथून पासपोर्टवर, तिथून अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या कागदावर. म्हणून घाई. भाऊ म्हणाला, "ताई, नाव तू ठेवायचं. आत्या आहेस." आणि त्याच दमात नाव सांगूनही टाकलं. आमच्या आईचं.

मला ते नाव हवं आहे, पांडुरंगा. तुझ्यापाशी काय लपवू? आई नातवंडाची वाट बघत गेली. दुपट्यांसाठी म्हणून बाजूला ठेवलेली तिची मऊ लुगडी अजून माझ्या ट्रंकेत आहेत. ते नाव पुन्हा घरात कुणी हाक मारून घेईल, अंगणातून कुणी त्या नावाला ओ देईल, या कल्पनेनं माझा गळा भरून येतो. शिवाय आत्याचा मान आहे. बाळाच्या कानात पहिल्यांदा नाव सांगायचं ते आत्यानं, आणि सांगताना बाकीच्या बायकांचे पाठीत बुक्केही खायचे ते आत्यानंच. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बारशात मी बुक्के घालत आले. आता माझी पाळी आली तर तुझ्यापुढे हे काय घेऊन बसले आहे मी!

कारण तिला नाव आहे.

ते मी इथे लिहीत नाही. असल्या मुलांची ओळख छापायला बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमानं मनाई केली आहे आणि ती योग्यच आहे. तुला ते माहीत आहे तेवढं पुरे. त्यात एक 'ळ' आहे, एवढं सांगायला हरकत नसावी, कारण त्या 'ळ'पायी माझ्या भावजयीचा जीव मेटाकुटीला आला आहे. जीभ उलटी करून टाळूला लावते, आरशात बघते आणि तोंडातून 'ल'च निघतो. भाऊ म्हणतो, तिकडे शाळेत या नावाचं भजं होईल. खरं आहे, होईल.

मुलीला मी व्हिडिओवर पाहिलं. संस्थेतल्या मावशींनी तिला मांडीवर घेतलं होतं आणि भावानं पाठवलेला फोटोंचा अल्बम उघडून दाखवत होत्या, ही आई, हे बाबा, हे घर, हा कुत्रा. ती कुत्र्याच्या पानापुढे जाईना. मग मागून दुसऱ्या कुणी तरी तिला नावानं हाक मारली. एका कानाला कमी ऐकू येणाऱ्या माणसाला आवाज कुठल्या बाजूनं आला हे चटकन कळत नाही. ती अख्खी वळली, खांद्यापासून कमरेपर्यंत, आणि हाक मारणारी सापडेपर्यंत बघत राहिली. सापडल्यावर हसली. साडेचार महिन्यांचं तान्हं मूलसुद्धा आपल्या नावाचा आवाज वेगळा ओळखतं असं अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. ही तर पावणेतीन वर्षांची. तिचं अंथरूण, तिची थाळी, तिची मावशी, पाण्याच्या टाकीजवळचा तिचा कोपरा, सगळं इथे राहणार. विमानात तिच्याबरोबर जाण्यासारखं जे थोडं आहे, त्यात हे नाव आहे.

ते काही तिच्या जन्मदात्रीनं ठेवलेलं नाही, हेही सांगते, म्हणजे मी भाबडेपणानं बोलते आहे असं तुला वाटायला नको. संस्थेत मूल येतं तेव्हा रजिस्टरात काही तरी लिहावंच लागतं. कुणाचं नाव सणावरून पडतं, कुणाचं त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्या मावशीच्या आवडीवरून, कुणाचं मालिकेतल्या नायिकेवरून. तुझ्या पंढरीत हे काम केव्हापासून चाललं आहे ते तू पाहिलंच आहेस. वारीच्या निमित्तानं आलेल्या विधवा बायका तुझ्या वाळवंटात, धर्मशाळांत बाळंत व्हायच्या आणि मूल तिथेच ठेवून जायच्या. ती उचलायला १८७५ साली लालशंकर उमियाशंकरांनी तिथे बालकाश्रम काढला. त्याआधी बारा वर्षं जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं होतं, आणि तिथेच आलेल्या काशीबाईचा मुलगा त्यांनी पुढे यशवंत म्हणून आपल्या घरात वाढवला. अशा किती मुलांची नावं कुणी ठेवली असतील? रात्रीची ड्यूटी असलेल्या कुणी तरी. त्यांना बारसं नव्हतं, घुगऱ्या नव्हत्या, पाळण्याखालून-पाळण्यावरून बाळ देणंघेणं नव्हतं. तरी भूक लागल्यावर, ताप आल्यावर त्याच नावानं त्यांना कुणी तरी जवळ घेतलं. माझ्या लेखी तेवढ्यानं नाव पक्कं होतं.

भावजय माझ्या बाजूची निघाली, याचं मला नवल वाटलं होतं. तिकडच्या नियमाप्रमाणे परदेशातून मूल आणणाऱ्यांना किमान दहा तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. मला वाटलं, तिथे शिकवलं असेल. पण तसं नव्हतं. मिनेसोटात कोरियातून दत्तक आलेली हजारो मुलं वाढली, तिच्या वर्गातही होती. चेहरा कोरियाचा आणि नाव-आडनाव स्वीडन-नॉर्वेकडचं. चांगल्या घरांत वाढली, प्रेमानं वाढली, आणि चाळिशीला आल्यावर त्यांतली कितीतरी आपली फाइल शोधायला सोलला गेली. कुणाला फाइलमध्ये आपलं नाव मिळालं, कुणाला अनाथालयातल्या कारकुनानं बसवलेलं नाव मिळालं. डीआन बोर्शे लिएम नावाच्या बाई आहेत. १९६६ साली आठ वर्षांच्या असताना त्यांना कोरियातून कॅलिफोर्नियाला पाठवलं ते चा जुंग ही या दुसऱ्याच मुलीच्या नावावर. त्या मुलीला तिच्या वडिलांनी परत नेलं होतं, अमेरिकेतलं कुटुंब तर तिचीच वाट बघत होतं, म्हणून हिला तिच्या कागदांवर चढवून दिलं. हिचं खरं नाव कांग ओक जिन. हिला सख्खी आई होती, भावंडं होती. अमेरिकेत आल्यावर डीआन हे तिसरं नाव मिळालं. मोठेपणी त्यांनी यावर सिनेमे केले. एक भावजयीनं मला दाखवला. तो पाहून त्या रात्री मला झोप लागली नाही. एका मुलीवर दोन नावांची पुटं चढवली आणि खालची मुलगी बरीच वर्षं स्वतःलाच सापडली नाही.

आपल्याकडे आता इतका अंधार नाही. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती भगवतींनी परदेशी दत्तकाला नियम घालून दिले, १९९३चा हेगचा करार भारतानं २००३ मध्ये मान्य केला, आता प्रत्येक कागदाला नंबर आहे. मोठं झाल्यावर मुलाला आपलं मूळ शोधायचं असेल तर त्याचीही वाट नियमांत ठेवली आहे. पण पांडुरंगा, वाट शोधायला हातात काही तरी टोक लागतं. अठरा वर्षांची पोर मिनिॲपोलिसहून येऊन संस्थेच्या दारात उभी राहील. मावश्या निवृत्त झालेल्या असतील, इमारत कदाचित रंगवलेली असेल. तिनं आमच्या आईचं नाव सांगितलं तर तिथे कुणाला काय कळणार? तिनं तिचं स्वतःचं नाव सांगितलं, तर एखादी म्हातारी मान वर करून बघेल.

यावर तू म्हणशील, नाव बदलल्यानं कुणाचं वाटोळं होतं असं थोडंच आहे? नाही होत. पुण्यात १९७९ साली जन्मलेल्या एका बाळाला संस्थेत लैला म्हणत. तीन आठवड्यांची असताना स्थळेकरांनी तिला घेतलं आणि लिसा नाव ठेवलं. लिसा स्थळेकर ऑस्ट्रेलियाकडून क्रिकेट खेळली आणि २०१३चा विश्वचषक तिच्या संघानं आपल्या मुंबईत येऊन जिंकला. तीन आठवड्यांच्या बाळाचं नाव बदलणं वेगळं. आमची पोर हाकेला अख्खी वळते.

आणि खरं सांगू का, हे मला कोरियाच्या सिनेमानं शिकवलं नाही. मला ते तांदळाच्या ताटानं शिकवलं. लग्नानंतर ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी उखाणा घेतला. वाईट कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही. ही रीतच होती, माझ्या सासूचं नावही असंच बदललं होतं आणि तिच्या सासूचंही. सासरची माणसं चांगली होती. पण कित्येक महिने माजघरातून हाक आली की मी तांदूळ निवडत तशीच बसून राहायची. मग कुणी तरी म्हणायचं, अगं, तुलाच! माहेरी गेले की आई दारातूनच जुन्या नावानं हाक मारायची आणि मी पिशवी खाली ठेवायच्या आधी ओ द्यायची. आई गेली. भाऊ ताई म्हणतो. माझं पहिलं नाव आता कुणाच्याही तोंडात नाही. मी बावीस वर्षांची, शिकलेली, राजीखुशीनं गेलेली बाई होते. या पोरीला तर भाषासुद्धा बदलायची आहे.

तुझंच बारसं आठव. नंदानं गर्गमुनींना विनवलं, कंसाला सुगावा लागू नये म्हणून गोठ्यातच, पाहुण्यांवाचून, वाजंत्रीवाचून नाव ठेवा. गर्गांना सगळं ठाऊक होतं. तू देवकीच्या पोटचा, यशोदेला तर तेही माहीत नव्हतं. कंसाचे हेर सगळीकडे होते. अशा वेळी सोयीचं काय होतं? मागचा सगळा माग पुसून टाकणं. पण भागवतात गर्ग कृष्ण हे नाव देऊन थांबत नाहीत. नंदाला म्हणतात, हा तुझा मुलगा पूर्वी कधी तरी वसुदेवाच्या पोटी जन्मला होता, म्हणून जाणते याला वासुदेव असंही म्हणतील. जिवावरच्या संकटातही त्या म्हाताऱ्या पुरोहितानं जन्मदात्याचं नाव तुझ्यापासून तोडलं नाही. आणि नंदाचं त्यानं काय कमी झालं? आजही तुला नंदलाल म्हणतातच. एवढी अक्कल मला दे, आणि एवढीच माझ्या भावाला दे.

शास्त्राचीही आडकाठी नाही, मी बघितलं. तुझ्याच पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस धर्मसिंधु लिहिला, त्यात एका बाळाला चार नावं सांगितली आहेत: देवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि रोजच्या व्यवहाराचं. नक्षत्राचं नाव हिला काढताच येणार नाही. जन्मवेळ नाही, फाइलमधली जन्मतारीखसुद्धा डॉक्टरांनी वजन-उंचीवरून बांधलेला अंदाज आहे. आमच्या गुरुजींना त्याचीच काळजी. त्यांना मी सांगितलं, तिचं नक्षत्र पांडुरंगाला माहीत आहे, तुम्ही श्रीखंड खा. तर आईचं नाव कुठे तरी बसेल. पण व्यवहाराचं, पहिलं, हाकेचं नाव तिचंच राहू दे.

मधल्या नावाचा प्रश्न वेगळाच. भावाला बापाचं नाव मधे हवं, आपल्या रीतीप्रमाणे. भावजय म्हणते, माझं का नको? तिचंही बरोबर आहे. महाराष्ट्र सरकारनंसुद्धा १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव घालायचं ठरवलं. ते ऐकून माझ्या मनात आलं, कुठल्या आईचं? हे मी दोघांनाही बोलले नाही. त्यांचं काय ते त्यांना ठरवू दे, नवराबायकोच्या भांडणात तू पडू नकोस, मीही पडत नाही.

पण ती आई मनातून जात नाही. कायद्याच्या भाषेत आदेशाच्या दिवसापासून तिचं आणि या पोरीचं नातं संपेल. कायद्याला असं कुठे तरी रेघ मारावीच लागते, नाही तर पोर दोन्ही घरांच्या मधे लोंबकळत राहील. तिला दोष देऊ नकोस. ती कोण, कुठली, जिवंत आहे का, मला माहीत नाही. पोटात असताना तिनंही हिला काही म्हटलं असेल. सोनं म्हटलं असेल, किंवा राग आला असेल तेव्हा कार्टी म्हटलं असेल. तिला कुठे तरी सुखात ठेव, आणि तिच्या मनाला हिचा घोर लागलाच तर मुलगी बरी आहे, जेवते, हसते, एवढं तिला कळू दे. कसं ते तू बघ.

आता बारीकसारीक मागण्या. शिकागोच्या विमानतळावर खिडकीपलीकडचा माणूस पासपोर्ट वाचेल, त्याच्या तोंडून नावाचं काहीही होवो, ती घाबरू नये. शाळेतल्या बाई दुसऱ्या दिवशी तरी नीट म्हणायला शिकोत. मिनेसोटाच्या आजीला 'ळ' मरेपर्यंत येणार नाही, तर तिला तिच्यापुरतं लाडाचं छोटं नाव ठेवू दे. आजीला तेवढा हक्क आहे. वर्गातल्या कुणी हसलंच तर उलट दोन शब्द बोलायची धमक पोरीला दे. आणि मोठी झाल्यावर तिलाच हे नाव नको झालं, जेनिफर की काय ते व्हावंसं वाटलं, तर आम्हा मोठ्यांची तोंडं बंद ठेव. ते नाव तिचं आहे. ठेवायचं की टाकायचं ते तिनं ठरवावं, आत्यानं नव्हे.

बारसं मी करणारच आहे. पाळण्यात ती मावणार नाही, पाटावर बसवीन. घुगऱ्या करीन. नाव उजव्या कानात सांगायची रीत आहे. मी डाव्या कानात सांगीन, आणि तिला आधीच माहीत असलेलं नाव सांगीन. बायकांनी बुक्के मात्र हळू मारावेत, पाठ दुखते.

रविवारी सकाळी भावाचा फोन येईल. मी म्हणेन, अर्जात तिचंच नाव लिही. तो थोडा वेळ गप्प बसेल आणि मग विचारील, "ताई, मग आईचं काय?" त्याला मी शास्त्र सांगीन, गोठा सांगीन, कोरिया सांगीन. तो ते सगळं ऐकून घेईल, मोठ्या बहिणीचं ऐकून घ्यायची त्याला सवय आहे. आणि पुन्हा तेच विचारील. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, पांडुरंगा. ते रविवारच्या आत सुचव.